एक छेद सहा

दशांश अपूर्णांकांचा मनापासून राग करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच घरात भाड्याने राहायला गेले. मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि तोंडात पॉइंट शून्य शून्य दोन, पॉइंट शून्य शून्य पाच. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच.

घर तिकडे तमिळ मुलखात, वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनच्या वाटेवर. खाली ते आणि त्यांची थोरली बहीण, वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू. गल्लीत त्यांना सगळे वाद्यार म्हणायचे. वाद्यार म्हणजे मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण मास्तरकी काही अंगातून गेली नव्हती. बहिणीला लहानथोर सगळे अक्का म्हणत. दोघंही तंजावरकडची मराठी माणसं, कित्येक पिढ्या तिकडेच मुरलेली. घरात मराठीच बोलायची, पण ती आपली मराठी नव्हे. शब्द पोथीतून उठून आलेले आणि सूर पक्का तमिळ. अक्कांनी पहिल्या दिवशी "तुज कॉफी देऊं कीं मा?" असं विचारलं, तेव्हा मी मिरजेची पोरगी चुकून कुणा संताच्या घरी शिरले की काय, असं मला वाटलं.

घर दाखवणाऱ्या दलालाने बजावून ठेवलं होतं की म्हातारा विचित्र आहे, काय विचारेल नेम नाही. मी तयारीत होते. लग्न झालंय का, मांसमच्छी खाता का, किती वाजता येता, सगळ्यांची उत्तरं पाठ. त्यांनी विचारलं वेगळंच.

"एक वस्तु तिघांत वाटली. एकास किती?"

मी सवयीने म्हटलं, "पॉइंट थ्री थ्री."

"तीनदां मिळव."

"पॉइंट नाइन नाइन."

"उरलेलें कोणी खाल्लें?"

"सर, एवढं चालतं."

"एवढें चालतें म्हणणारास मी घर देत नाहीं," असं म्हणून ते खुर्चीतून उठलेच. आतून अक्कांचा आवाज आला, "मराठी बोलणारी पोर इतक्या वर्षांनीं दारांत आली, आणि हा परीक्षा घेतो. किल्ली दे तिज." किल्ली मिळाली. पण जिना चढताना मागून ऐकू आलंच, "एक छेद तीन म्हण. तें पुरतें आहे. पॉइंट लावणें म्हणजे हिशेब अर्धा टाकून पळणें."

घरात कॅल्क्युलेटर नव्हता. कुणा जुन्या विद्यार्थ्याने आकड्यांचं घड्याळ भेट दिलं होतं, ते भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असे. वेळ विचारली की सव्वासात, पावणेनऊ. एकदा अक्कांना कणकण होती. डॉक्टर घरी आले, थर्मामीटर पाहून म्हणाले, "नाइन्टी एट पॉइंट सिक्स, काही नाही." वाद्यार शांतपणे म्हणाले, "अठ्ठ्याण्णव आणि तीन छेद पांच." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या घरात राहून मी एवढं शिकले होते.

पहाटे अक्का दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढायच्या. आपल्याकडे रांगोळी, तिकडे कोलम. त्यांचं काढून झालं की उरलेल्या पिठाने वाद्यार कोलमाच्या बाजूला अपूर्णांकांचं एक गणित मांडायचे. रोज नवं. स्टेशनकडे लगबगीने जाणारी माणसं ते चालता चालता सोडवायची आणि उत्तर ओरडून पुढे जायची. वाद्यार ओट्यावर कॉफीचा पेला घेऊन बसलेले. उत्तर बरोबर असलं तर डावीउजवीकडे मान हलवायची, तिकडचा तो होकार; चुकलं तर "अप्पडिया?" म्हणजे असं का, एवढंच. कुणी पॉइंट लावून उत्तर दिलं तर ऐकूच आलं नाही असं करायचे.

एका चुकीवर मात्र ते बसून राहू शकत नसत. एकदा गणित होतं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. बँकेत जाणारे एक गृहस्थ पिशवी सांभाळत "टू बाय फाइव्ह" असं ठोकून देऊन पळाले. वरच्याची वरच्यात बेरीज, खालच्याची खालच्यात. वाद्यारांनी पेला ठेवला, वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्यांच्या मागे निघाले. मीही त्याच वाटेने कामावर निघाले होते, म्हणून पुढचा तमाशा बघायला मिळाला. मांबलम स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर त्यांनी त्या माणसाला गाठलं आणि तमिळमध्ये विचारलं, "तुमच्या हातात अर्धी पोळी आहे. मी वर आणखी तिसरा हिस्सा दिला. आता तुमच्याकडे अर्ध्याहून कमी पोळी आहे. कशी?" गृहस्थ विचारात पडले. त्यांची गाडी आली आणि गेली. "मिळवलं आणि कमी झालं, असं होत नाही," वाद्यार म्हणाले, "आधी छेद सारखे करा. मग मिळवा." दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ ओट्यापाशी थांबून "फाइव्ह बाय सिक्स" म्हणाले आणि मगच गेले. मला वाटतं त्यांना आवडलं होतं ते. असं कुणी आपल्या मागे स्टेशनपर्यंत येतं का?

मला जुने पाढे येत नाहीत याचं त्यांना खरंखुरं वाईट वाटायचं. पावकी, निमकी, पाऊणकी त्यांना आजोबांनी शिकवलेली. साडेतिनाचा पाढा, औटकी, ते डोळे मिटून म्हणायचे, बाकीचे लोक स्तोत्र म्हणतात तसे. "तुमच्या देशांत औटकी नाहीं शिकवत?" तुमचा देश म्हणजे महाराष्ट्र. मी नाही म्हटलं की ते अक्कांकडे बघायचे, आणि अक्का "जाऊं दे, पोर उपाशी आहे" म्हणायच्या. मग तमिळचे अपूर्णांक यायचे. पाव म्हणजे काल, अर्धा म्हणजे अरै, पाऊण म्हणजे मुक्काल, आणि आठव्या भागालासुद्धा स्वतःचं नाव, अरैक्काल. "ज्यास नांव आहे तें हरवत नाहीं," ते म्हणायचे. तेव्हा मी हसले होते.

शनिवारची पोळी हा त्या घरातला सोहळा. भाऊ-बहीण दोघांनाही शुगर, म्हणून डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. अक्कांनी डॉक्टरांशी तह केला होता, आठवड्याला पुरणाची एकच पोळी. एकच, पण ती परातीएवढी. आणि ती वाटायचं काम वाद्यारांचं. गजरा ओवतात तो केळीचा दोरा पोळीच्या कडेने फिरवून घ्यायचा, जिथे जुळेल तिथे तोडायचा, मग त्या दोऱ्याच्या सारख्या घड्या घालायच्या. परत कडेला लावून घडीघडीवर एक लवंग टोचायची. मधोमध वेलदोड्याचा दाणा. मग दाण्यापासून लवंगेपर्यंत सुरी. तोवर तूप थिजलेलं आणि अक्का वैतागलेल्या. त्या म्हणायच्या, मी डोळ्यांनी कापतें. ते म्हणायचे, तुझे डोळे नेहमीं तुझ्याकडचा तुकडा लहान करतात, म्हणून नको. हे भांडण दर शनिवारी व्हायचं.

मी आले तेव्हा दोऱ्याला दोन घड्या पडत. काही आठवड्यांनी एका शनिवारी संध्याकाळी ते स्वतः जिना चढून वर आले. धाप लागलेली. दारात उभं राहून म्हणाले, "आजपासून छेद तीन. शनिवारीं कोठें जाऊं नकोस." एवढं बोलून खाली गेले. मी त्या दिवशी मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाणार होते. गेले नाही. परगावात एकट्या राहिलेल्या बाईला असं कुणी छेदात धरलं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळेल.

वर्षं तशी मजेत चालली होती. मी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरती तमिळ अक्षरं शिकायला लागले. वाद्यार शिकवायचे, मी चुकायचे, अक्का हसायच्या. मिरजेला आई एकटी होती. बाबा गेल्यापासून दर फोनवर "कधी येतेस" हा एकच प्रश्न, आणि मी "बघू" म्हणायची. मग एका शनिवारी मिरजेहून शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं.

मी फोन ठेवला तो खालच्या घरातच. पोळी मध्ये, लवंगा टोचून तयार. मी सांगितलं. अक्कांनी माझा हात धरला. मग मी जी बोलत सुटले ती सुटलेच. ऑपरेशन होईल, पण पुढे काय? बाई ठेवली तरी रात्रंदिवस माणूस हवं. नोकरी सोडून जावं तर इथलं सगळं सोडायचं. आणि न जावं तर मी माणूस कसली? "माझा अर्धा जीव तिथं अडकलाय," मी म्हटलं, "आणि इथं तुमच्यात मी तिसऱ्या हिश्श्याची. मी कुठलीच धड नाही."

वाद्यार म्हणाले, "अर्धा तेथें. तिसरा हिस्सा येथें. मिळव."

मला असा राग आला. "वाद्यार, हे गणित नाहीये."

"सगळें नाहीं. जेवढें आहे तेवढें तरी नीट कर."

रडता रडता, त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी म्हटलं, "दोन छेद पाच." आणि तोंडातून शब्द गेल्याबरोबर मला ते बँकेतले गृहस्थ आठवले.

वाद्यार मात्र त्या दिवशी चिडले नाहीत. सुरी खाली ठेवून हळू म्हणाले, "पाहा. अर्धें होतें, त्यांत तिसरा हिस्सा घातलास, आणि अर्ध्याहून कमी झालें. दोन ठिकाणचीं माणसें मिळवलींस आणि एका ठिकाणाहूनही उणी झालीस. असें होत नाहीं मा. तुझें मिळवणें चुकलें. छेद सारखे कर."

अक्का म्हणाल्या, "पोर रडते आणि हा छेद काढतो." पण त्या उठल्या नाहीत.

मी नाक पुसलं. "तीन छेद सहा अधिक दोन छेद सहा. पाच छेद सहा."

"उरलें किती?"

"एक छेद सहा."

"तें कोणाचें?"

मी आईचं म्हणाले, मग तुमचं म्हणाले, मग कामाचं म्हणाले. ते प्रत्येक वेळी नुसतं "अप्पडिया?" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "आईचें तिज दिलेंस. येथलें येथें आहे, तूं जा किंवा राहा. हा सहावा तुझा. कोणास देऊं नकोस. आईसही नको."

मी त्या महिन्यात राजीनामा दिला. एग्मोरला गाडी होती. अक्कांचे गुडघे दुखत, त्या दारातूनच निरोप देऊन आत गेल्या. वाद्यार स्टेशनवर आले, धुतलेली वेष्टी, हातात स्टीलचा डबा. डब्यात पोळी, त्या दिवशी सहा घड्यांच्या दोऱ्याने कापलेली, पण तुकडे चारच. "तीन आईस," ते म्हणाले, "दोन घरीं ठेवले, ते येथले. हा एक वेगळा बांधला आहे, केळीच्या पानांत. गाडी सुटली म्हणजे खा." मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "चुकूं नकोस." आशीर्वाद त्यांना तेवढाच येत असावा. गाडी सुटल्यावर मी पान उघडलं. इतक्या वर्षांत एवढी गोड पोळी मी खाल्ली नव्हती आणि एवढी रडलेही नव्हते.

आईने डबा उघडून तुकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे कुणी कापलं गं? भूमितीच्या मास्तरांनी?" मी म्हटलं, अंकगणिताच्या.

मला कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी मिळाली. आई काठी घेऊन चालायला लागली. दर शनिवारी संध्याकाळी वाद्यारांचा फोन यायचा. लोक फोनवर आई कशी आहे विचारतात, पगार विचारतात, आता लग्नाचं काय ते विचारतात. वाद्यार विचारायचे, "सहावा कसा आहे?"

पहिल्यांदा मी खरं तेच सांगून टाकलं. सकाळी आई, दिवसभर कारखाना, संध्याकाळी परत आई. सहावा भाग होताच कुठे? "शोध," म्हणाले आणि फोन ठेवला. मग मी तमिळचं पहिलीचं पुस्तक काढलं. संध्याकाळी आईला चहा दिला की बाहेरच्या पायरीवर बसून एक पान वाचायचं. मिरजेत तमिळ वाचून काय करणार आहेस, असं आई म्हणायची, आणि तिचं खरं होतं. त्याचा उपयोग काहीच नव्हता. तेवढीच एक गोष्ट कुणासाठी नव्हती. शनिवारी मी ते पान वाद्यारांना फोनवर वाचून दाखवायची. मी चुकले की मागून अक्कांचं हसू ऐकू यायचं, आणि मला मिरजेच्या पायरीवर पिठाचा आणि कॉफीचा वास यायचा.

एकदा मी अक्कांना विचारलं, आता दोऱ्याला दोन घड्या का? "तीनच," त्या म्हणाल्या. "माणूस लांब गेलें म्हणून छेद बदलत नाहीं म्हणतो. तुझा तुकडा कुंपणावर कावळ्यास ठेवतो. कावळा माजला आहे."

मागच्या वर्षी वाद्यार गेले. सकाळी ओट्यावर बसलेलेच गेले. समोर गणित मांडलेलं होतं, आणि कुणी तरी उत्तर ओरडून गेलं, तर मान हलली नाही, म्हणून माणसं थांबली. मी पोचले तेव्हा दारात कोलम नव्हतं. सुतकात काढत नाहीत. ती कोरी जागा मला बघवेना.

परत आले ती वेगळीच होऊन. आईचा गुडघा धरला, कारखान्यात माणसं कमी झाली आणि माझ्यावर दोघांचं काम आलं. ही सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण हे की शनिवारी फोन वाजत नसे. ऐकणारं कुणी नाही तर वाचायचं कुणाला? पुस्तक आईच्या औषधांच्या डब्याखाली गेलं. त्यांची आठवण अशी यायची की हातातलं काम थांबायचं, आणि परत ते काम पुरं करायचं असायचं. कुणी विचारलं तर मी ठीक आहे म्हणायची. सहावा कसा आहे असं विचारणारं जगात कुणी उरलं नव्हतं, आणि सहावाही उरला नव्हता. हे मला ठाऊक होतं, पण मी कुणाला बोलले नव्हते.

गेल्या शनिवारी संध्याकाळी अक्कांचा फोन आला. त्यांना फोन लावता येत नाही, वरच्या नव्या भाडेकरणीने लावून दिला होता. आधी आईची चौकशी झाली. मग पोळीची गोष्ट निघाली.

"करतां अजून?"

"करतें. दोरा घेऊन बसतें मी आतां. इतकें आयुष्य भांडलें त्याशीं, आणि आतां डोळ्यांनीं कापायला हात वळत नाहीं." मग म्हणाल्या, "तीनच तुकडे. दोन कावळ्यास. त्यास शुगर होणार आहे."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. मग अक्कांनी घसा साफ केला, उसनं भांडं परत करायला आल्यासारखं अवघडून विचारलं, "तो पुसत असे तें मी पुसतें. मज गणित येत नाहीं. सहावा कसा आहे?"

मी म्हटलं, "हरवला, अक्का."

पलीकडे गल्लीतल्या फुलवालीची हाळी ऐकू येत होती. तीच, रोजची.

"हरवणार कसा," अक्का म्हणाल्या. "त्याची रीत होती, मिळवून पाहा. आईचे तीन. येथले दोन, ते मी पाहतें आहे. किती झाले?"

"पाच."

"सहा नाहीं झाले ना? मग आहे कोठें तरी. शोध."

फोन ठेवला. आतून आई विचारत होती कुणाचा होता. अक्कांचा, म्हटलं. तिला चहा दिला, गोळी दिली आणि औषधांचा डबा उचलला. पुस्तकावर डब्याचा गोल डाग पडला होता. ते घेऊन बाहेर पायरीवर बसले आणि जिथे सोडलं होतं ते पान काढलं. अक्षरं ओळख विसरली होती. पहिली ओळ मी अडखळत वाचली, चुकले, आणि परत पहिल्यापासून मोठ्याने वाचली.